ट्रॅक्टरच्या फेरफाराविषयी भाच्यास पत्र

हिंगणा, जिल्हा नागपूर
मार्गशीर्ष वद्य पंचमी

चिरंजीव बाळ यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र आणि सोबतची तिन्ही रेखाचित्रे पोचली. पुण्याची नोकरी सोडून हिंगण्यास यावे, एखादी जुनी हलकी मालमोटार पाहून घ्यावी, दोन छोटे ट्रॅक्टर खरेदी करून त्यांत संत्र्याच्या बागांना मानवेल असा फेरफार करावा, आणि हा सर्व सरंजाम घेऊन हिंगण्यापासून कळमेश्वर-काटोलपर्यंतच्या बागाईतदारांच्या धुऱ्यावर जाऊन भाड्याने काम करून द्यावे, हा तुझा बेत वाचून ताईने जो धसका घेतला आहे तो मी घेतलेला नाही. मजुराची टंचाई आणि बैलजोडीचा खर्च यांनी जेरीस आलेल्या या मुलखात अशा माणसाची गरज आहे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. माझा आक्षेप आहे तो रेखाचित्रांस. त्यांत जोडण्याची हौस पानोपानी दिसते; तोलण्याचा प्रयत्न एकाही ठिकाणी आढळत नाही.

ही हौस तुला हिंगण्यात सुलभपणे भागवता येईल, आणि माझ्या मते तुझ्यापुढील पहिले संकट हेच आहे. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर ज्या वसाहती प्रथम उभ्या राहिल्या त्यांत हिंगणा रस्त्यावरील आपली वसाहत मोडते. महिंद्रांचा ट्रॅक्टरचा कारखाना येथेच आहे, आणि अशा मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविता पुरविता लोखंड कापणारे, वाकविणारे व सांधणारे असे काही हात या परिसरात तयार झाले आहेत की तू सकाळी कागदावर रेघ ओढावीस आणि संध्याकाळी ती वस्तू लोखंडात उतरून तुझ्या पुढ्यात यावी. जेथे काम करून घेणे इतके सोपे असते, तेथे ते काम करावे की नाही हा प्रश्न विचारण्यास कोणी थांबत नाही. मी आयुष्याचा मोठा काळ याच वसाहतीत आरेखनाच्या फळ्यापाशी काढला असल्यामुळे तो प्रश्न विचारण्याचा अधिकार माझ्याकडे आहे असे समजतो.

सर्वप्रथम एक गोष्ट ध्यानात घे, जी मालमोटारीवर काम केलेल्या कारागिरास हटकून विसर पडणारी आहे. मालमोटारीस चॅसिस असते. तिच्यावर हौदा बसवा, काढा, दुसरा बांधा, मूळ सांगाड्यास त्याची फारशी क्षिती नसते. ट्रॅक्टरला बहुधा असा स्वतंत्र सांगाडाच नसतो. पुढील आसाचा आधार, इंजिन, क्लचचे घर, गिअरपेटी आणि मागील आसाचे घर ही एकमेकांस बोल्टांनी आवळलेली असतात, व त्यांची ही साखळी हाच ट्रॅक्टरचा कणा. शिवाय त्यांतील घरे बहुतेक बिडाची असतात, आणि बीड दाब सोसते पण ताण व आघात सोसत नाही. तुझ्या पहिल्या रेखाचित्रात पुढील लोडरचे दोन्ही खांब क्लचच्या घराला भोके पाडून आणि वर वेल्डिंग करून बसविलेले आहेत. याच परिसरातील एका कारागिराने असेच खांब बसविलेला एक ट्रॅक्टर मी पाहिला आहे. पहिला हंगाम तो दिमाखात चालला. दुसऱ्या हंगामात भोकापासून निघालेली केसाएवढी चीर तेलाच्या ओलीमुळे प्रथम दिसली, आणि ती कोठवर गेली आहे हे पाहण्यासाठी घर उघडले तेव्हा ते पुन्हा जोडण्याच्या लायकीचे राहिले नव्हते. खांबाचे वेल्डिंग मात्र अखेरपर्यंत शाबूत होते, हे त्या कारागिराने मला अभिमानाने दाखविले.

म्हणून ट्रॅक्टरवर जे काही चढवायचे ते निर्मात्याने ठेवलेल्या भोकांत, निर्मात्याने सांगितलेल्या जाडीच्या बोल्टांनी आणि पाना फिरवून पुन्हा उतरविता येईल अशाच रीतीने चढवावे. लोडरचा आग्रहच असेल तर पुढील आसाच्या आधारापासून मागील आसाच्या घरापर्यंत पोचणारी, भार दोन्ही टोकांस वाटून देणारी स्वतंत्र उपचौकट करावी लागते. तिचे वजन आणि खर्च मांडून पाहिलास की तुझा तूच लोडरचा नाद सोडशील अशी मला आशा आहे. संत्र्याच्या बागेत लोडरचे असे काय अडले आहे, हेही तुझ्या पत्रात कोठे लिहिलेले नाही.

बागेस खरोखर काय हवे ते पाहू. आपल्याकडील जुन्या बागांत झाडे सामान्यतः सहा मीटरांच्या चौकोनात लावलेली असतात. झाड वयात आले की दोन ओळींमधील मोकळी जागा माणसाला वाकूनच जाता येईल इतकी आक्रसते, आणि आंब्या बहाराची फळे भरली म्हणजे फांद्या त्याहूनही खाली येतात. म्हणजे उंची आणि रुंदी यांचा प्रश्न खरा आहे. उभा सायलेन्सर काढून आडवा करणे, उलटताना चालकास वाचविणारी मागील कमान घडीची घेणे, दिव्यांच्या आणि मडगार्डांच्या कडांवरून फांदी न फाटता सरकून जावी यासाठी वाकविलेल्या गुळगुळीत नळीची कुंपणे बसविणे, हे सर्व फेरफार मला मान्य आहेत. किंबहुना तुझ्या तिन्ही रेखाचित्रांतील उत्तम भाग तोच आहे. तथापि सायलेन्सर आडवा करताना त्याचे तोंड वाळलेल्या पाल्याकडे वळणार नाही आणि धूर चालकाच्या नाकात जाणार नाही, याची तजवीज रेखाचित्रात झालेली नाही. कमान घडी केल्यावर चालकाने पट्टा सोडावा आणि बागेबाहेर पडताच कमान उभी करून पट्टा पुन्हा बांधावा, हा दंडक कागदावर लिहून ठेवून चालत नाही. तो चालकाच्या अंगवळणी पाडावा लागतो.

रुंदीचे प्रकरण अधिक नाजूक आहे. मागील चाकांच्या तबकड्या उलट्या-सुलट्या बसवून दोन चाकांमधील अंतर कमी-जास्त करण्याची सोय निर्मात्यानेच पुष्कळ ट्रॅक्टरांत ठेवलेली असते, आणि कपाशीच्या ओळींतून डवरणी करणारे शेतकरी तिचा रोज उपयोग करतात. तू त्याहीपुढे जाऊन आसच कापून आखूड करण्याचे योजले आहेस. अंतर जितके कमी, तितका ट्रॅक्टर कुशीवर कलंडण्यास उतावीळ. आणि आपल्या बागांचे धुरे, पाण्याचे दांड, पांदणीची कड यांवरून दिवसातून अनेकदा एक चाक वर व एक खाली असे जावेच लागते. बागेतील चार अंगुळे वाचविण्यासाठी पांदणीत माणूस गमावण्याचा हा व्यवहार आहे. आसाला हात लावू नकोस.

मातीचाही विचार कर. नागपूर प्रांताच्या जुन्या बंदोबस्ताच्या कागदांत जमिनीचे काळी, मोरांड, खरडी, बरडी असे वर्ग लिहिलेले असत. खरडीत जे खपते ते काळीत खपत नाही, हे कोणताही वाहितदार तुला सांगेल. ओलसर काळीवरून जड चाक गेले की खालची माती लादीसारखी बसते. संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या फूटभर थरात असतात, त्यांना हवा मिळेनाशी होते, पाणी मुरेनासे होते, आणि साचलेल्या पाण्यातच फायटोप्थोरा बुरशीचे फावते व झाडाला डिंक्या लागतो. रोटाव्हेटर खोल घालून मुळ्या तुटल्या तरी परिणाम तोच. तेव्हा मागील टायरांत पाणी भरून ट्रॅक्टर जड करण्याची जी युक्ती तू लिहिली आहेस, ती उघड्या रानातील नांगरणीस शोभते. बागेत शिरण्यापूर्वी ते पाणी काढलेच पाहिजे. पकड वाढविण्याचा बागेतील मार्ग चारही चाकांना गती देणारा ट्रॅक्टर घेणे हा आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे की स्वराज 717 किंवा युवराज 215 अशा पंधरा अश्वशक्तीच्या वर्गातील दोन ट्रॅक्टर घेण्याऐवजी जिवो 245 किंवा कुबोटाचा बी 2441 यांसारखा चोवीस अश्वशक्तीचा, चारही चाके ओढणारा एकच घ्यावा. अवजारे घेण्याआधी अमरावती रस्त्यावरील लिंबूवर्गीय फळांच्या केंद्रीय संशोधन संस्थेत जाऊन मशागतीची खोली आणि फवारणी यांविषयी चौकशी करून ये. 1985 पासून ती संस्था याच कामास वाहिलेली आहे आणि आपल्या दारात आहे.

आता तोलाकडे वळतो. तुझे आजोबा बैलगाडी भरीत तेव्हा शेवटचे पोते ठेवण्याआधी जू हाताने उचलून पाहत; ते फार हलके लागले तर गाडी उलाळणार, फार जड लागले तर बैलांच्या माना मोडणार, आणि या दोहोंमधला अदमास साधला की मगच ते शेवटच्या पोत्याची जागा ठरवीत. छोट्या ट्रॅक्टरवर अवजार चढविणे हे त्याच हिशेबाचे काम आहे. फरक इतकाच की येथे जू उचलून पाहता येत नाही, कागदावर मांडून पाहावे लागते.

समज, ट्रॅक्टरचे वजन 800 किलो आहे, दोन आसांतील अंतर दीड मीटर आहे, आणि रिकामा असताना पुढील चाकांवर 320 किलो येतात. मागे 300 किलोचे अवजार उचललेस आणि त्याचा गुरुत्वमध्य मागील आसापासून एक मीटर मागे राहिला, तर ते पुढील चाकांवरून 300 भागिले दीड, म्हणजे 200 किलो काढून घेते. उरले 120. सुकाणू जमिनीला धरून राहण्यासाठी रिकाम्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा, म्हणजे 160 किलो, पुढे उरला पाहिजे असा सर्वमान्य संकेत आहे. येथे 40 कमी पडले. पुढील आसाच्या अर्धा मीटर पुढे वजन टांगले तर त्याचा प्रत्येक किलो पुढील चाकांवर एक-तृतीयांशाने वाढून पडतो, म्हणून 30 किलोचे वजन ही तूट भरून काढते. गणित एवढेच आहे, चौथी-पाचवीतील मुलालाही जमेल असे. परंतु तुझ्या दुसऱ्या रेखाचित्रात मागे 500 लिटरांची फवारणीची टाकी तीन बिंदूंवर चढविलेली आहे, आणि हेच गणित तिला लावलेस तर पुढील चाकांवर उणे वजन येते! अशी टाकी स्वतःच्या चाकांवर मागून ओढून न्यावी. ट्रॅक्टरने फक्त पीटीओचे, म्हणजे अवजार फिरविणाऱ्या मागील दांड्याचे, फेरे पुरवावेत.

या तीन बिंदूंचा इतिहासही तुझ्या ध्यानात असावा. साखळीने मागे नांगर बांधून चालणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरांचा नांगर खडकाला अडकला की पुढील चाके उचलली जात आणि यंत्र चालकाच्या अंगावर पालथे पडत असे. आयर्लंडातील हॅरी फर्ग्युसन याने अवजार आणि ट्रॅक्टर यांना तीन दांड्यांनी आणि द्रवदाबाच्या उचलणीने एकजीव केले. 1936 साली ती रचना त्याच्या ट्रॅक्टरवर विक्रीस आली, 1938 साली हेन्री फोर्डशी नुसत्या हस्तांदोलनावर करार झाला, आणि आज काटोलच्या बागेतील कोणत्याही ट्रॅक्टरमागे तू त्याच तीन दांड्या पाहशील. वरची दांडी अवजाराचा रेटा पुढे ढकलून पुढील चाकांना जमिनीवर दाबून ठेवते, हे तिचे कार्य आहे. तू ती काढून तेथे ओढण्याचा हूक बसविला आहेस. ओढण्याची जागा मागील आसाच्या खाली ठेवलेली असते ती याच कारणासाठी. आसाच्या वर बांधलेली साखळी फर्ग्युसनच्या आधीचे दिवस परत आणते.

इंधनाच्या पंपाचे सील तोडून चार अश्वशक्ती वाढवून देणारे पुष्कळ भेटतील. त्यांना चहा पाजून परत पाठव.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. मोटार वाहन अधिनियम, 1988 याच्या कलम 52 बरहुकूम, नोंदणीच्या दाखल्यातील तपशील आणि निर्मात्याने दिलेला मूळ तपशील यांत विसंगती येईल असा फेरफार मालकास करता येत नाही. 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कसोशीने लावला आहे. पाना लावून चढविलेले आणि उतरविता येणारे अवजार हे अवजारच राहते. कापलेला आस हा फेरफार ठरतो, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनीचा तपासनीस प्रथम तोच पाहतो.

मालमोटारीची आवश्यकता मला पूर्ण पटते. शेतीच्या टायरांचे दात डांबरावर झिजतात, छोटा ट्रॅक्टर काटोलच्या वाटेवर अर्धा दिवस खातो, आणि आपल्याच तालुक्यातील शिवमडक्यापासून निघणाऱ्या समृद्धी महामार्गावर तर ट्रॅक्टरला प्रवेशच नाही. पण गाडी कोणती घ्यावी, हे हौशीने न ठरविता वजनाच्या उतरंडीने ठरव. भारासह एकूण वजन 3,000 किलोंपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीस परवाना लागत नाही, आणि कित्येक पिकअप गाड्या त्या आकड्याच्या किंचित आत का बांधल्या जातात हे यावरून उमगेल. त्यापुढे 7,500 किलोंपर्यंत परवाना लागतो. तथापि तेथवर हलक्या वाहनाच्या लायसनवर ती चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिलेला आहे. समज, पिकअपची भारक्षमता 1,300 किलो आहे. तुझ्या तिसऱ्या रेखाचित्रात दहा फूट बाय सहा फुटांच्या हौद्यावर पाच मिलिमीटर जाडीचा अखंड पोलादी पत्रा आहे. त्या पत्र्याचेच वजन 220 किलोंच्या घरात जाते. रॅम्प, साखळ्या आणि पेटी यांचे शंभर धर. उरलेल्या 980 मधून ट्रॅक्टरचे 800 वजा केले की रोटाव्हेटरलाही जागा राहत नाही, मग चालकाच्या सोबत्याची गोष्टच नको. अखंड पत्र्याऐवजी चाके जेथे चालतात तेवढ्याच दोन पट्ट्या घाल, बाकी लाकडी फळ्या पुरेत. तरीही भागत नसेल तर चारशेसातच्या वर्गातील मोठी गाडी घे. पण पाटे वाढवून पिकअपची भारक्षमता वाढविली असे स्वतःस समजावू नकोस. पाटे वाढविल्याने गाडी वाकत नाही एवढेच. ब्रेक, टायर, आस आणि दाखल्यातील आकडा जेथल्या तेथे राहतात. जादा भाराचा दंड वीस हजारांपासून सुरू होतो, आणि हौद्याबाहेर डोकावणाऱ्या मालासही तेवढाच आहे.

चढविण्या-उतरविण्याविषयी मात्र मी सविस्तर लिहिणार आहे, कारण माणसे मरतात ती येथे. हौद्याची उंची 90 सेंटिमीटर धरली तर रॅम्प निदान 3.6 मीटर लांब हवा, म्हणजे चढ चारास एक पडतो; तुझा 2.4 मीटरांचा रॅम्प बावीस अंशांचा कडा उभा करतो. लांब रॅम्प वाहून नेण्यास अडचणीचा असल्यास तो बिजागरीची घडी घालून दोन तुकड्यांत कर. रॅम्पचे वरचे टोक हौद्याच्या कडेला नुसते टेकवू नकोस, भोकात उतरणाऱ्या खिळीने अडकव. कारण चढणारे चाक ट्रॅक्टरला पुढे ढकलते तितक्याच जोराने रॅम्पला मागे ढकलते. मालमोटारीच्या चाकांना ठोकळे, हातब्रेक ओढलेला, आणि हौद्याच्या मागील कोपऱ्यांखाली दोन टेकू. नाहीतर ट्रॅक्टरचे सारे वजन प्रथम शेपटीवर येते आणि मालमोटारच उलाळते.

ट्रॅक्टर चढवावा तो पाठमोरा, सर्वांत हलक्या उलट गिअरमध्ये. त्याचे जड अंग मागे असते. तोंड वर करून चढलास तर तोच भार मागील आसाच्या पलीकडे झुकू पाहतो, आणि अशा वेळी क्लच झटक्याने सुटला की पुढची चाके आकाशात जातात. पाठमोरा चढविल्याने आणखी एक काम आपोआप साधते: जड मागील चाके हौद्यात पुढे, केबिनच्या बाजूस येतात आणि मालमोटारीच्या मागील आसावर अवाजवी भार पडत नाही. उतरताना तोंड पुढे करून, त्याच हलक्या गिअरमध्ये, क्लचला पाय न लावता. आणि चढविण्याआधी चालकाच्या उजव्या पायापाशी वाकून पाहा. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे दोन वेगळे ब्रेक असतात, शेतात जागच्या जागी वळण्यासाठी. त्यांना एकत्र बांधणारी एक लहानशी पट्टी असते, आणि बागेतून बाहेर आलेल्या ट्रॅक्टरवर ती बहुतेक वेळा सुटलेली आढळते. रॅम्पवर एकच ब्रेक दाबला गेला तर ट्रॅक्टर त्या बाजूस फिरतो, आणि फिरण्यास तेथे जागा नसते. ही पट्टी हाताने चाचपल्याखेरीज कोणासही रॅम्पवर चढू देऊ नकोस, मग तो चालक वयाने तुझ्यापेक्षा कितीही मोठा असो.

वर गेल्यावर गिअर टाकावा, हातब्रेकची खीळ बसवावी, अवजार लाकडी ओंडक्यावर टेकवावे, आणि चारही कोपऱ्यांस साखळ्या आवळाव्यात: पुढे आसाच्या आधाराला, मागे आसाच्या घराला किंवा ओढदांडीला. सुकाणूच्या दांडीला साखळी बांधणारे महाभाग मी पाहिले आहेत. पाच-सहा किलोमीटर गेल्यावर थांबून साखळ्या पुन्हा आवळाव्यात, कारण टायर दबतात आणि सैल पडणारी साखळी निरुपयोगी ठरते. एवढे सांगून झाल्यावर हेही सांगतो की सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुरक्षित रॅम्प म्हणजे हौद्याच्या उंचीचा मातीचा धक्का. ज्या बागाईतदाराकडे तू वारंवार जाशील त्याला एकदा समजावून धुऱ्याला लागून असा धक्का घालून घेतलास तर रॅम्प उतरविण्याचे प्रयोजनच उरणार नाही.

संक्रांतीनंतर सवड काढून इकडे ये. येताना ज्या ट्रॅक्टरवर तुझे मन बसले असेल त्याच्या पुस्तिकेतून दोन आसांतील अंतर, पुढील व मागील आसावरील वजन आणि उचलण्याची क्षमता लिहून आण. मालमोटारीच्या मालकास गाडी रिकामी धर्मकाट्यावर घालावयास लाव आणि पावतीवरील आकडा दाखल्यातील आकड्याशी ताडून पाहा. मागील मालकाने हौद्यात काय काय ठोकून ठेवले आहे ते त्यातच कळेल. तिन्ही रेखाचित्रे मी लाल पेन्सिलीने खुणा करून परत पाठवीत आहे. ताईस माझा नमस्कार सांग, आणि धर्मकाट्याची पावती हाती पडेपर्यंत बयाणा म्हणून एक रुपयाही कोणास देऊ नकोस. कळावे,

तुझा
मामा